एकही आकडा सोडला नाही, म्हणूनच 6

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, वॉर्डातला काही वर्षांचा अनुभव आहे, इंग्लंडला जायचंय. आयल्ट्स ॲकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हींत 7 किंवा वर आणि रायटिंगमध्ये दोन्ही वेळा 6. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये 6.5 लागतात, म्हणजे अर्ध्या बँडासाठी (आयल्ट्सच्या गुणांना बँड म्हणतात) गाडी अडलीये. तुम्ही लिहिता की टास्क 1 मध्ये, म्हणजे तक्ता किंवा आलेख बघून त्याचं वर्णन लिहायचं त्या प्रश्नात, तुम्ही 'एकही आकडा सोडत नाही', 220 शब्द होतात, अर्धा तास जातो, आणि तरी हे असं. शेवटी विचारलंय, 'एखादं चांगलं टेम्प्लेट आहे का?'

टेम्प्लेटचं शेवटी बघू. तुमचं दुखणं त्या 'एकही आकडा सोडत नाही' मध्ये आहे, असं मला वाटतं.

'वाटतं' असं मुद्दाम म्हणतेय. निकालाच्या कागदावर रायटिंगचा एकच आकडा छापून येतो. टास्क 1 ला किती, टास्क 2 ला किती, हे तो सांगत नाही. टास्क 2 ला, म्हणजे निबंधाला, टास्क 1 च्या दुप्पट वजन असतं. त्यामुळे तुमचा अर्धा बँड निबंधात अडकलाय की तक्त्यात, हे तुमचं लिखाण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मीच काय, कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी परीक्षक नाही. पुण्यात चौदा वर्षं ही परीक्षा शिकवतेय आणि या काळात काही हजार उत्तरं लाल पेनाने रंगवलीयेत, एवढ्या भांडवलावर बोलतेय. पण 220 शब्द, अर्धा तास आणि सगळे आकडे, हे तिन्ही एकत्र आले की पुढचं चित्र जवळजवळ नेहमी सारखंच निघतं.

ही सवय येते कुठून? माझ्या मते दहावीतून. बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात 'इन्फर्मेशन ट्रान्सफर' असायचं, आठवतंय? तक्ता द्यायचा, त्यावरून परिच्छेद लिहायचा. बाई सांगायच्या, तक्त्यातला प्रत्येक मुद्दा यायला पाहिजे, एक सुटला की अर्धा मार्क गेला. आपण इमानदारीने एकेका चौकोनाचं एकेक वाक्य केलं आणि मार्क मिळाले. आयल्ट्सचा तक्ता दिसायला अगदी तसाच असतो, म्हणून हात आपोआप तेच करतो. पण इथे विचारलेलं काम वेगळं आहे. प्रश्नाखाली प्रत्येक वेळी तीच सूचना छापलेली असते: मुख्य गोष्टी निवडा, त्या सांगा, आणि जिथे गरज असेल तिथे तुलना करा. 'निवडा' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो.

परीक्षेचे निकष जाहीर आहेत, कोणालाही वाचता येतात. चार रकाने असतात: काम पूर्ण केलं का, मांडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. चौघांना सारखं वजन. पहिल्या रकान्यात 5 बँडासमोर लिहिलेलं असतं त्याचा मतितार्थ असा की तपशील यंत्रासारखा सांगत सुटलेला आहे. 7 समोर असतं की स्पष्ट ओव्हरव्ह्यू (एकूण चित्राचा सारांश) आहे, माहितीचे गट नीट पाडलेत, मुख्य कल आणि फरक ओळखलेत. आता तुमचं इंग्रजी बघा. रीडिंगमध्ये 8 आहेत, म्हणजे भाषा काही वाईट नाही. शब्दसंपत्ती 6 किंवा 7, व्याकरण 6, मांडणी 6, आणि पहिल्या रकान्यात 5. गोळाबेरीज कुठे जाईल? इंग्रजी सुधारण्यासाठी तुम्ही अजून सहा महिने शब्द पाठ केलेत तरी तो पहिला रकाना जागचा हलणार नाही.

आता गंमत अशी की हे काम तुम्ही रोज करता, आणि माझ्यापेक्षा चांगलं करता.

संध्याकाळी आठ वाजता रात्रपाळीची सिस्टर येते. तुम्ही तिला हँडओव्हर देता. चार नंबर बेडचा टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी) तिच्या समोरच लटकलेला आहे. तेव्हा तुम्ही तिला 'सहाला 101, दहाला 102, दोनला 103, सहाला 100' असं वाचून दाखवता का? वाचलंत तर ती म्हणेल, 'मला दिसतंय गं, पेशंट कसा आहे ते सांग.' तुम्ही सांगता: 'दुपारपर्यंत ताप चढत होता, दोनला 103 वर गेला, पॅरासिटामॉल दिल्यावर उतरलाय. पल्स, बीपी ठीक. युरीन आउटपुट मात्र कमी आहे.'

हे बोलणं जरा उलगडून बघा. आधी चढला आणि मग उतरला, हा कल. आकडा एकच, सगळ्यात वरचा, कारण तोच महत्त्वाचा. ज्यात काही घडलं नाही, ते दोन शब्दांत उरकलं. आणि 'मात्र' म्हणून वेगळं काय आहे त्याकडे बोट दाखवलं. दहा-बारा नोंदींतून तीन वाक्यं. परीक्षकाला नेमकं हेच हवंय. त्याच्या हातातही तक्ता आहे, आकडे त्याला दिसतायत. फक्त 'पॅरासिटामॉल दिल्यावर' हा तुकडा परीक्षेत गाळायचा. चार्टवर नसलेलं कारण लिहायचं नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

आता एक खरा तक्ता घेऊ. जनगणनेतला आहे, भारतातल्या साक्षरतेचा. आकडे टक्क्यांत आणि पूर्णांकात केलेले, पहिला पुरुषांचा, दुसरा महिलांचा.

1951: 27 आणि 9
1961: 40 आणि 15
1971: 46 आणि 22
1981: 56 आणि 30
1991: 64 आणि 39
2001: 75 आणि 54
2011: 81 आणि 65

चौदा आकडे आहेत. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर काय होईल ते मला न बघता सांगता येतं. '1951 मध्ये पुरुष 27 टक्के होते तर महिला 9 टक्के. त्यानंतर 1961 मध्ये पुरुष 40 टक्के झाले तर महिला 15 टक्के. त्यानंतर...' 1981 येईपर्यंत वाचणाऱ्याला जांभई येते. शब्द भरतात, आकडे बरोबर असतात, आणि काहीच सांगितलेलं नसतं.

मी माझ्या मुलांना सांगते, पहिली तीन मिनिटं पेन खाली ठेवा. कॉम्प्युटरवर देत असाल तर हात कीबोर्डवरून उचला. तक्त्याला तीन प्रश्न विचारा. सुरुवात आणि शेवट यांत काय बदललं? सगळ्यात जास्त-कमी कोण, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं का? आणि कुठे काही विचित्र दिसतंय का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दोघांची साक्षरता वाढली. दुसऱ्याचंही: पुरुष साठ वर्षं सतत पुढे. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात. तिसरा प्रश्न विचारला की मग दोन रकान्यांमधलं अंतर बघावंसं वाटतं. वजाबाकी करा: 18, 25, 24, 26, 25, 21, 16. अंतर आधी वाढलं! 1951 मध्ये 18 होतं, 1981 मध्ये 26 झालं, आणि मग कमी होत 16 वर आलं, म्हणजे जिथून सुरुवात झाली त्याच्याही खाली. हे तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही, पण तक्ता हेच सांगतोय. ही वजाबाकी करायला अर्धं मिनिट लागतं.

मग ओव्हरव्ह्यू असा होतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितेय, मोठ्याने म्हणून बघा, कानाला कळतं: 'ओव्हरऑल, लिटरसी रोझ स्टेडिली अमंग बोथ मेन अँड विमेन, ऑल्दो मेन रिमेन्ड अहेड थ्रूआउट. द गॅप बिटवीन देम वाइडन्ड अंटिल 1981 बट हॅड नॅरोड कन्सिडरेबली बाय 2011.' दोन वाक्यं. यात साल सोडून एकही आकडा नाही. ओव्हरव्ह्यूमध्ये आकडे घालायचे नाहीत. तो हँडओव्हरचा 'पेशंट बरा आहे' वाला भाग आहे.

तो कुठे टाकायचा? पहिल्या ओळीनंतर लगेच टाकला काय आणि शेवटी टाकला काय, नियम काही नाही. मी वरच टाकायला सांगते, कारण वेळ संपला तर शेवटचं जातं, आणि जाऊ नये असं या उत्तरात हेच एक आहे. वर ओव्हरव्ह्यू दिला की खाली 'कन्क्लूजन' लिहू नका. तेच पुन्हा सांगून वीस शब्द वाढतात, बाकी काही नाही.

पुढचे दोन परिच्छेद मग आपोआप पडतात, कारण गोष्टीचे तुकडे तुमच्या हातात आहेत. पहिला 1951 ते 1981, अंतर वाढण्याचा काळ. दुसरा 1981 ते 2011, कमी होण्याचा. 'पुरुषांचा परिच्छेद, महिलांचा परिच्छेद' असं केलंत तर तुलना कुठेच होत नाही, दोन वेगळी वर्णनं शेजारी उभी राहतात. आकडे किती घ्यायचे? मी या चौदातले सात-आठ घेईन. 1951 चे दोन्ही, 1981 चे दोन्ही, 2011 चे दोन्ही, आणि महिलांची सगळ्यात मोठी उडी, जी 1991 ते 2001 मध्ये आहे, 39 वरून 54. 1971 ला हात लावणार नाही. ती ओळ वाईट नाही, पण तिथे काही घडत नाही.

आणि एक वाक्य असं, की ज्यामुळे परीक्षक खुर्चीत जरा सरसावून बसेल. 1991 च्या महिलांचा आकडा बघा, 39. पुरुष 40 ला कधी होते? 1961 मध्ये. म्हणजे महिला तीस वर्षं मागे. आता 2011 च्या महिला, 65. पुरुष 64 ला होते 1991 मध्ये. अंतर वीस वर्षांवर आलं. हा तक्ता मी कितीतरी बॅचेसना दिलाय. आडवं आणि उभं सगळे वाचतात. असं तिरपं वाचणारी एक मुलगी मला आठवते, ती जमाखर्चाच्या वह्या लिहायची. तिचं व्याकरण तुमच्यापेक्षा कच्चं होतं.

आता कारणांबद्दल. याच तक्त्यावर एका विद्यार्थ्याने मला लिहून दिलं होतं की सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यामुळे महिलांची साक्षरता वाढली. वाचून मला भरून आलं. तरी ते वाक्य मी खोडलं. तक्ता 1951 पासून सुरू होतो आणि त्यात कारण दिलेलं नाही. सर्व शिक्षा अभियान, मध्यान्ह भोजन, आई-वडिलांची बदललेली मानसिकता, हे सगळं खरं असेल, पण ते टास्क 2 साठी ठेवा. मला स्वतःला माहीत आहे की 1971 पर्यंत पाच वर्षांवरच्यांची साक्षरता मोजायचे आणि 1981 पासून सात वर्षांवरच्यांची, म्हणजे हे आकडे काटेकोर तुलनेचे नाहीतच. परीक्षेत मी तेही लिहिणार नाही. कागदावर जे आहे तेवढंच.

भाषेच्या चुकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी माणसाच्या काही चुका ठरलेल्या आहेत, म्हणून सांगून टाकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'टू' आणि 'बाय'. 'इन्क्रीज्ड टू 15' आणि 'इन्क्रीज्ड बाय 15' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नजर चुकली की तुमचा बरोबर आकडा चुकीची माहिती होतो. मराठीत आपण हे कधीच चुकत नाही. '54 वर गेली' म्हणतो आणि '15 ने वाढली' म्हणतो. म्हणून वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. 'वर' किंवा 'पर्यंत' आलं तर टू, 'ने' किंवा 'नी' आलं तर बाय. सोपं आहे आणि दगा देत नाही. याला जोडूनच आणखी एक: 39 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर जाणं म्हणजे 15 टक्के वाढ नव्हे, 15 'पर्सेंटेज पॉइंट्स'. टक्क्यांतली वाढ काढली तर ती 38 च्या आसपास भरते. हे शब्द वापरा. परीक्षकाला कळतं की लिहिणाऱ्याला आकडे समजतात.

दुसरी चूक कर्त्याची. 'विमेन इन्क्रीज्ड फ्रॉम 9 टू 65.' महिला वाढल्या? महिलांमधली साक्षरता वाढली. 'द लिटरसी रेट अमंग विमेन' हा कर्ता आहे. आपण बोलताना 'पुरुष 81 वर गेले' म्हणतो आणि समोरच्याला कळतं, इंग्रजीत ते हास्यास्पद होतं. याच्या मुळाशी आपला 'प्रमाण' हा शब्द आहे. साक्षरतेचं प्रमाण, साखरेचं प्रमाण, बायका-पुरुषांचं प्रमाण, सगळीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत कधी रेट, कधी अमाउंट, कधी प्रपोर्शन, कधी रेशो. तक्त्याच्या डोक्यावर जो शब्द छापलाय तो आधी बघा आणि त्याला धरून राहा.

तिसरी: 'वाढत होती' डोक्यात असतं म्हणून 'वॉज इन्क्रीजिंग' लिहिलं जातं, सगळीकडे. साल होऊन गेलेलं असेल तर साधा भूतकाळ, 'रोझ', 'फेल'. तक्त्यात पुढची सालं असतील तर 'इज प्रोजेक्टेड टू'. आणि साल दिलेलंच नसेल तर वर्तमानकाळ. एवढंच.

आणि 'रिस्पेक्टिव्हली'! गणिताच्या पुस्तकातलं 'अनुक्रमे' आपल्या रक्तात भिनलंय. एका उत्तरात मी ते सहा वेळा मोजलंय. एकदा वापरा, वाक्याच्या शेवटी, आधी स्वल्पविराम देऊन, आणि विसरून जा.

भपकेदार क्रियापदांचंही तसंच. 46 वरून 56 होणं म्हणजे 'स्कायरॉकेट' नव्हे. चार नंबर बेडचा ताप 99 वरून 100 झाला तर तुम्ही डॉक्टरांना 'सर, ताप आभाळाला भिडला' असा फोन करता का? 'रोझ', 'ग्रू', 'क्लाइम्ड', 'फेल', 'डिक्लाइन्ड', 'रिमेन्ड स्टेबल', त्यांच्याबरोबर 'स्लाइटली', 'स्टेडिली', 'शार्पली'. यावर उत्तम उत्तर लिहिता येतं.

आता टेम्प्लेट. इथे मला माझाच एक जुना गुन्हा कबूल करायचाय. सुरुवातीची काही वर्षं मी एका क्लासमध्ये शिकवायचे. तिथे चाळीस वाक्यांची एक झेरॉक्स वाटली जायची आणि ती मीच तयार केली होती. 'द गिव्हन ग्राफ डिपिक्ट्स द डेटा रिगार्डिंग', 'ॲट द फर्स्ट ग्लान्स इट इज क्रिस्टल क्लिअर दॅट', असली. मुलांना फार आवडायची. बॅचच्या बॅच 6 घेऊन यायची आणि मला वाटायचं मुलांनी अभ्यास केला नाही. मग एकदा वीस उत्तरं एकावर एक ठेवून वाचली. वीसच्या वीस लोकांना वेगवेगळ्या आलेखांत पहिल्या नजरेत काहीतरी स्फटिकासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि पुढे जे लिहिलं होतं ते अजिबात स्वच्छ नव्हतं. साच्याने वाक्य सुरू करून दिलं होतं, पण बघायचं काम कोणीच केलं नव्हतं. त्या झेरॉक्सचा गठ्ठा मी रद्दीत घातला. रद्दीवाल्याने त्याचे पैसे तरी दिले.

तेव्हा टेम्प्लेट नाही, सांगाडा मात्र सांगते. एका वाक्यात प्रश्न आपल्या शब्दांत (प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उचललंत तर त्याचं श्रेय मिळत नाही, आणि समानार्थी शब्द शोधत तीन मिनिटं घालवलीत तर तोही तोटाच). मग ओव्हरव्ह्यूची दोन वाक्यं. मग तपशिलाचे दोन परिच्छेद. 170 ते 190 शब्द. किमान 150 लागतात, वरची मर्यादा नाही, पण 220 होतायत याचा अर्थ निवड झालेली नाही.

वेळेचं गणित तर साधं आहे. एक तासात दोन्ही टास्क. टास्क 1 वर तुम्ही तीस मिनिटं घालवता, म्हणजे दुप्पट वजनाच्या निबंधाला राहतात तीस, त्याला हवीत चाळीस. तुमचे 6 कदाचित तिथूनच आलेत, टास्क 1 ने टास्क 2 चा घास घेतल्यामुळे. वीस मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी पूर्ण करून पुढे जा. बघायला तीन-चार, लिहायला तेरा-चौदा, तपासायला दोन. त्या दोन मिनिटांत फक्त आकडे, टू-बाय आणि क्रियापदांचा काळ बघा. व्याकरणाचं पुस्तक उघडू नका मनात.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्हाला कोणी सांगितली नसेल तर सांगते. नर्सेससाठी ओईटी नावाची दुसरी परीक्षा आहे, इंग्लंडची कौन्सिल तीही धरते. तिच्यात आलेख नसतोच. पेशंटच्या नोंदी देतात, त्यावरून रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं. तुमचं रोजचं काम. पण फी आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, आणि तिथेही दुखणं तेच निघेल: नोंदींमधलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं. सगळ्या नोंदी पत्रात कोंबणाऱ्या सिस्टर मी तिथेही पाहिल्यात. दोनदा 6 आलेत, बाकी तिन्ही विषय पक्के आहेत, तेव्हा मी तुमच्या जागी असते तर परीक्षा बदलण्याआधी महिनाभर हे करून बघितलं असतं. तुमची अर्जाची मुदत जवळ असेल किंवा आलेख दिसला की पोटात गोळाच येत असेल, तर हिशेब वेगळा. ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता एक तक्ता देते, कारण साक्षरतेच्या तक्त्यात काळ होता आणि बऱ्याचदा परीक्षेत काळ नसतोच. हाही जनगणनेतला, 2011 चा. क्रम असा: क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरमध्ये, लोकसंख्या दशलक्षांत, आणि दर चौरस किलोमीटरला माणसं.

राजस्थान: 342, 68.5, 200
महाराष्ट्र: 308, 112.4, 365
केरळ: 39, 33.4, 860
गोवा: 3.7, 1.5, 394

यात 'रोझ' आणि 'फेल' चालणार नाही, काही वाढलंच नाही. इथे फक्त तुलना. 'ट्वाइस ॲज डेन्स ॲज', 'द लार्जेस्ट बाय एरिया', 'डिस्पाइट बीइंग'. प्रत्येक रकान्यात सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती एक गोल आणि सगळ्यात लहानाभोवती एक चौकोन करा, मग गोल-चौकोन कोणत्या राज्याला पडले ते बघा. एकेका राज्याचं एकेक वाक्य करायचा मोह होईल, अगदी दहावीसारखा. आवरा. केरळचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण आठवा भाग आणि दाटी दुपटीहून जास्त, हे एक वाक्य मी देऊन टाकते. बाकी तुम्ही लिहा, घड्याळ लावून, वीस मिनिटं. आणि झालं की इथेच टाका. मी सगळ्यात आधी एवढंच बघणार आहे की गोवा तुम्ही ओव्हरव्ह्यूमध्ये घेतलात की खाली तपशिलात. चार राज्यांत सगळ्यात छोटं, तरी दाटीत महाराष्ट्राच्या पुढे. त्याला कुठे बसवायचं याची दोन उत्तरं होऊ शकतात आणि मला दोन्ही पटतात, पण तुमचं कोणतं आणि का, ते ऐकायचंय.